मेणाच्या बायका

आराकाती गावाहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेउ एव्हांद्रोचा, म्हणजे एव्हांद्रोसाहेबांचा, बग्गीचा कारखाना होता. वाळूच्या टेकड्यांवरून पर्यटकांना उडवत नेणाऱ्या त्या उघड्या गाड्यांच्या बॉड्या तिथे फायबरच्या बनत. साच्यात आधी एक पातळ गुळगुळीत थर मारायचा, मग काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिच्यावर राळ चोपडायची, आणि सगळं कडक झालं की बॉडी साच्यातून उपटून काढायची, घासायची आणि रंगवायची. राळ म्हणजे अशी चिवट चीज, की जिथे लागेल तिथे जन्मभराची चिकटते. म्हणून सगळ्यात आधी साच्याला मेण लावावं लागे. ते काम चार बायका करत. कारखान्यात त्यांना ‘मेणाच्या बायका’च म्हणत, आणि त्यांची म्होरकी होती दाल्वा.

दाल्वा पन्नाशी ओलांडलेली, आखूड बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. मेणाचा हात कसा द्यायचा, तो किती सुकू द्यायचा, धुरकटला की कापडाने कसा गोल गोल घासून आरशासारखा करायचा, हे तिने एका पिढीला शिकवलं होतं. एक कोपरा राहिला तर बॉडी तिथे चिकटते, आणि उपटताना साच्याचा टवका निघतो. दाल्वाच्या हाताखाली असा टवका क्वचितच निघाला असेल. त्याचा तिला गर्व होता आणि ती तो लपवतही नसे. “तुमच्या बापाच्या गाड्या माझ्या खांद्यावर चालतात,” असं ती राळ लावणाऱ्या पुरुषांना ऐकवायची. ते हसायचे, कारण खोटं नव्हतं.

झुलैकाला या कारखान्यात आणलं तेही दाल्वानेच. झुलैकाचा नवरा कामाला म्हणून साओ पाउलोला गेला. आधी दर रविवारी फोन करायचा, मग सणासुदीला, मग तोही बंद झाला. कडेवर तान्ही पोर घेऊन झुलैका दारात बसून राहायची. समोरच्या घरातून दाल्वा हे बघत होती. एका सकाळी ती आली, पोर शेजारणीच्या हवाली केली आणि झुलैकाला म्हणाली, “ऊठ. तोंड धू. रडायला पगार मिळत नाही.” आणि हाताला धरून तिला कारखान्यात घेऊन गेली. पुढे त्या पोरीचा, तैनाचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा तिची धर्ममाता, ‘माद्रिन्या’, म्हणून तिला हातात घेऊन उभी राहिली ती दाल्वाच. तेव्हापासून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणू लागल्या. ते नातं सख्ख्या बहिणींपेक्षा वरचं. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडणं पाप.

झुलैकाचा हात चांगला होता आणि नजर त्याहून चांगली. मेणावरून ती राळेवर गेली, आणि तिथून पुढे तयार बॉड्यांच्या तपासणीवर. तिने नापास केलेली बॉडी एव्हांद्रोसुद्धा बाहेर पाठवत नसे. दाल्वाला तिचं कौतुक होतं. “मी घासून घासून चमकवलेली पोरगी आहे ही,” असं ती सगळ्यांना सांगे.

मग एका साली हंगामाच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने घेतलेल्या बग्ग्यांचा रंग सुटू लागला. आधी बॉनेटवर फोड आले, मग सालपटं निघाली. हॉटेलचा माणूस येऊन अंगणात सगळ्यांसमोर ओरडून गेला. एव्हांद्रो तसा गमत्या माणूस, पोट सुटलेला, कामगारांच्या पोरांच्या वाढदिवसांना न चुकता येणारा. त्या दिवशी मात्र त्याने दुपारपर्यंत ऑफिसचं दार लावून घेतलं. मग त्याने झुलैकाला ऑफिसात बोलावलं.

“रंग का सुटतो?” त्याने विचारलं.

“मेण बॉडीला लागून येतं, सेउ एव्हांद्रो. धुऊन काढलं तर रंग धरतो. पण हंगामात घाई असते. घासकामवाले एकदा पुसतात आणि पुढे ढकलतात.”

“म्हणजे घासकामवाल्यांची चूक.”

“थोडी त्यांची, थोडी घाईची. आणि मेणाचा स्वभावच तो.”

त्याने टेबलाखालून दोन डबे काढून समोर ठेवले. एक फवारा होता, स्वस्तातला, चकचकीत लेबलाचा. दुसरं द्रावण होतं, रेसिफेच्या एका व्यापाऱ्याने नमुना म्हणून दिलेलं. साच्यावर कापडाने पातळ पुसायचं, ते तिथेच घट्ट बसतं, आणि एकदा लावलं की पुष्कळ बॉड्या पाठोपाठ काढता येतात, असं व्यापारी म्हणाला होता.

“हे दोन, आणि तिसरं आपलं मेण,” एव्हांद्रो म्हणाला. “तिन्ही करून बघ. तू सांगशील ते घेऊ. व्यापाऱ्यावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे.”

झुलैका जागची हलली नाही. “द्रावण चाललं तर मेणाच्या बायकांचं काय?”

“काय म्हणजे? घासकामाला माणसं कमी पडतायत, आत्ता तूच सांगितलंस. तिकडे घेऊ त्यांना. माझ्या कारखान्यातून एक बाई घरी जाणार नाही. हे घे, शब्द.” आणि त्याने हात पुढे केला. झुलैकाने तो हातात घेतला.

कारखान्याच्या मागे काजूच्या झाडाखाली बायका कॉफी प्यायला बसत. त्या दिवशी झुलैका तिथे गेली तेव्हा बातमी तिच्या आधीच पोचलेली होती.

“काय गं कोमाद्रे, आमच्या तिरडीचं माप घ्यायला आलीस का?” दाल्वा टॅपिओकाची पोळी मोडत म्हणाली. बाकीच्या हसल्या, पण जपून.

“असं काय बोलतेस? त्याने शब्द दिलाय. घासकामाला घेणार तुम्हाला.”

“एव्हांद्रोने शब्द दिला?” दाल्वाने भुवया उडवल्या. “त्याच्या बापानेही दिला होता मला. छतावर पंखे बसवतो म्हणून. बघ वर, दिसतात का कुठे?”

“तुझा खांदा वर जात नाही, कोमाद्रे. केस विंचरायला तैनाला बोलावतेस. त्या मेणाच्या वासाने तुझं डोकं धरतं, तूच सांगतेस. घासकामाला बसून काम असतं, तोंडाला फडकं असतं.”

“खांदा माझा आहे. त्याचं मी बघीन.” मग दाल्वाने आवाज खाली आणला. “तुला काय जातं गं मेण चांगलं म्हणायला? एक शब्द आहे. ‘मेणच बरं.’ संपलं. तो ऐकेल तुझं.”

“आधी करून तर बघू दे.”

“बघ हं. बघ. पण बघताना आम्हीही दिसू दे तुला.”

झुलैकाने नमुन्यासाठी फायबरच्या लहान लहान पाट्या करून बघितल्या. स्वस्त फवाऱ्यावरची पाटी अशी अलगद सुटली, की पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पण तिच्यावर रंग मारला तर तो जागोजागी आकसून गोल भोकं पडली, माशाच्या डोळ्यांसारखी. पुसून बघितलं, घासून बघितलं, डोळे जाईनात. फवाऱ्यात तेलकट सिलिकॉन होतं, ते एकदा लागलं की सगळीकडे पसरतं. तिने डब्यावर फुली मारून तो बाजूला ठेवला आणि एव्हांद्रोला सांगितलं, “हा दारातसुद्धा आणू नका.” मेणाची पाटी नेहमीसारखीच निघाली. दोनदा धुतली तेव्हा रंग नीट बसला. द्रावणाची पाटी निघाली ती कोरडी आणि स्वच्छ, आणि रंग पहिल्याच हाताला बसला. झुलैकाने नखाने खरवडून बघितलं, चाकूने चिरून चिकटपट्टी लावून ओढून बघितलं. रंग हलला नाही.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. आपण शोधत होतो ते सापडल्याचा तो आनंद होता, आणि त्यात थोडा मोठेपणाही होता. एव्हांद्रो हल्ली तिच्याशी बोलताना ‘उत्पादन बघायला मला कोणीतरी हवंय’ असं मध्येच टाकायचा. ते तिने ऐकलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

आता उरली खऱ्या साच्यावरची परीक्षा. द्रावणाची एक अट होती. साच्यावर मेणाचा अंशही उरता कामा नये. मेण राहिलं तर द्रावण साच्याला धरत नाही, मेणाबरोबर निघून जातं, आणि मग राळ थेट साच्यालाच धरते. बग्गीचा मोठा साचा कारखान्यात एकच होता. तो साफ करायचं काम साहजिकच मेणाच्या बायकांकडे आलं. वर्षानुवर्षं चढवलेलं मेण त्यांना आता आपल्याच हाताने उतरवायचं होतं. चौघी दोन दिवस साच्यात वाकून खपत होत्या. एरवी त्या कामावर गाणी म्हणत. त्या दोन दिवसांत कोणी गायलं नाही.

काम झाल्याचं दाल्वाने सांगितलं तेव्हा झुलैका चिकटपट्टीचं रीळ घेऊन साच्यात उतरली. साफ साच्याला पट्टी गच्च बसते, मेण असेल तर तिथून गळून पडते. दरवाजाशी बसली. बॉनेटवर बसली. पुढच्या चाकांच्या कमानीखाली, जिथे हात मुश्किलीने पोचतो आणि डोळा पोचतच नाही, तिथे तिने पट्टी दाबली आणि हात काढला. पट्टी गळून पडली. तिने दुसरी लावली. तीही पडली. पलीकडच्या कमानीखालीही तेच.

एक कमान राहू शकते. दोन्ही कमानी, तेही दाल्वाच्या हाताखाली, राहू शकत नाहीत. झुलैका साच्यात तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने वर बघितलं. दाल्वा साच्याच्या काठावर कोपरं टेकून तिच्याकडेच बघत होती. बाकीच्या तिघी लांब झाडूशी उगाच खुडबुड करत होत्या.

“राहिलंय,” झुलैका म्हणाली.

“राहू दे.”

“कोमाद्रे, बॉडी चिकटेल. साचा फाटेल.”

“कमानीपुरता फाटेल. शिवता येतो. याआधी शिवलाय. आणि मग तो व्यापारी त्याच्या डब्यासकट रेसिफेला जाईल.” दाल्वा अगदी शांतपणे बोलत होती. “तुला खोटं बोलायला नाही सांगत मी. बोलूच नकोस. पट्ट्या गोळा कर, वर ये, पाणी पी. तू बघितलंच नाहीस.”

“मी बघितलंय.”

“मलाही तू बघितलंयस. दारात बसलेली असायचीस तेव्हापासून.”

झुलैका उठून उभी राहिली. ती बोलली ते मात्र भलतंच बोलली. “हंगाम तोंडावर आहे. साचा गेला तर सगळेच घरी बसतील. आणि त्याने शब्द दिलाय, तुम्हाला कोणी काढत नाहीये! तू उगाच घाबरतेस.”

“मी घाबरते?” दाल्वा हसली. “बरं बाई.”

झुलैकाने एव्हांद्रोला सांगितलं की साचा अजून सुकायचाय, परीक्षा एक दिवस पुढे ढकलू. का, ते सांगितलं नाही. दाल्वाचं नाव तिने तोंडातून काढलं नाही, आणि हे आपण दाल्वासाठी केलं असंच ती स्वतःला समजावत राहिली. मग मेण काढायचा डबा आणि कापडं घेऊन ती स्वतः साच्यात उतरली आणि कमानीखाली उताणी पडून घासू लागली. डोळ्यांत वाफ जात होती. चौघीजणी काजूच्या झाडाखाली बसून बघत होत्या. एकदा त्यांच्यातली धाकटी क्लेओनिसे उठून मदतीला निघाली, तर दाल्वा म्हणाली, “बस खाली. इन्स्पेक्टरबाईंना त्यांचं काम करू दे.”

दुसऱ्या दिवशी द्रावण पुसलं, सुकलं, थर बसले, राळ कडक झाली. बॉडी काढायच्या वेळी सगळा कारखाना जमला. पाचर घालून पहिला ठोका दिला, तेवढ्यातच ‘थप्’ असा आवाज झाला आणि अख्खी बॉडी साच्यात सुटी होऊन डुलली. चार माणसांनी ती वर उचलली. आतून साचा कोरा करकरीत. पुरुषांनी शिट्या मारल्या. एव्हांद्रोने झुलैकाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ओरडून विचारलं, “अशा आणखी किती निघतील?”

“बऱ्याच,” झुलैका म्हणाली. उत्साहात होती ती. “मध्ये एकदा नुसता हात फिरवायचा. एक माणूस, एक कापड. बस्स.”

ते बोलून झाल्यावर तिने दाल्वाला शोधलं. दाल्वा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, सावकाश, एकेक.

हंगाम सुरू झाला. काही आठवडे मेणाच्या बायका खरोखरच घासकामाला होत्या. मग एके दिवशी ट्रकमधून घासायची दोन मशिनं उतरली. त्याच दुपारी एव्हांद्रोने झुलैकाला बोलावलं.

“चौघी जास्त होतायत,” तो कागद चाळत म्हणाला. “मशिनवर पोरं बसवतोय. बायकांना कमी करावं लागणार.”

“सेउ एव्हांद्रो, तुम्ही हात दिला होता.”

“दिला होता. तेव्हा मनातही तेच होतं, आईची शपथ. पण तू स्वतःच म्हणालीस ना सगळ्यांसमोर? एक माणूस, एक कापड. मग मी चौघींना कशासाठी सांभाळू? तूच हिशेब सोपा करून दिलास, आता तूच अवघड करू नकोस.” मग तो जरा मऊ झाला. “हे बघ, मी काही कसाई नाही. एकीला ठेवतो. कोणती, ते तू ठरव. तुझ्याच हाताखाली राहील, उद्यापासून उत्पादन तू बघणार आहेस.”

झुलैकाला वाटलं, आत्ता उठावं, एप्रन टेबलावर फेकावा आणि निघून जावं. तिने ते डोळ्यांसमोर आणूनही बघितलं. मग तैनाची शाळा दिसली, घर दिसलं, पुन्हा तो दरवाजा दिसला जिथे ती बसायची. ती म्हणाली, “दाल्वा.”

ही बातमी आपण स्वतः सांगायची म्हणून ती संध्याकाळी समोरच्या घरी गेली. दाल्वा पाट्यावर काहीतरी वाटत होती, तिने वाटणं थांबवलं नाही. झुलैकाने सगळं सांगितलं. चौघींचं, मशिनांचं, एकीला ठेवायचं.

“आणि तू माझं नाव दिलंस.”

“हो.”

“क्लेओनिसेचा नवरा पडून आहे. इरासेमाच्या घरात दुसरा पगार नाही. त्या दोघींना तू काय सांगणार? की दाल्वा माझी कोमाद्रे आहे म्हणून?”

“तूच मला आणलंस तिथे. दुसऱ्या कोणाचं नाव कसं देऊ?”

“अगं, वा! आणलं मी म्हणून ठेवतेस तू.” दाल्वाने वरवंटा बाजूला ठेवला. “तेव्हा मी तुला काही मागितलं नव्हतं, झुलैका. आणि मागितलं तेव्हा फक्त गप्प बस म्हटलं. ते जमलं नाही तुला. आता हे तुकडे आणून टाकतेस माझ्या ताटात. नको मला. क्लेओनिसेला ठेव.”

दुसऱ्या दिवशी झुलैकाने एव्हांद्रोला सांगितलं की दाल्वाला नको आहे, क्लेओनिसेला ठेवा. एव्हांद्रोने खांदे उडवले. “दाल्वासाठी म्हणून मी हो म्हटलं होतं, इतक्या वर्षांची बाई म्हणून. तिला नको तर प्रश्नच मिटला.” आणि चौघीही गेल्या.

दाल्वाने घराला कुलूप लावलं आणि ती आत, नदीकाठच्या गावी, भावाकडे राहायला गेली. जाताना तिने तैनाला कुशीत घेतलं, डोकं हुंगलं. झुलैका उंबऱ्यात उभी होती. तिच्या बाजूने दाल्वा अशी निघून गेली, जशी खांबाच्या बाजूने जावी.

झुलैका उत्पादन बघू लागली. काम चोख चाललं होतं. रंग सुटल्याची एक तक्रार आली नाही. बायका नसल्याचं कारखान्याला कळलंसुद्धा नाही. काजूच्या झाडाखाली आता पोरं मोटारसायकली लावत. दुसऱ्या हंगामात रेसिफेच्या व्यापाऱ्याने द्रावणाचा भाव वाढवला. एका सोमवारी झुलैका कामावर आली तर साच्यापाशी तोच चकचकीत लेबलाचा फवारा ठेवलेला, ज्यावर तिने फुली मारली होती. पोरं तो फसाफसा मारत होती.

ती एव्हांद्रोकडे गेली. “हा आपण नापास केला होता.”

“तू केला होतास,” तो म्हणाला. “सुटतं ना अलगद? मग झालं. रंगवाल्यांना सांगितलंय जरा जास्त घासायला. हंगामापुरतं आहे.” आणि मग, हसतच, “झुलैका, उत्पादन बघणाऱ्या माणसाने मालकाला दर वेळी अडवायचं नसतं. अशी जागा काय रोज रिकामी होते?”

ती मुकाट्याने बाहेर आली. बॉड्या निघत राहिल्या. माशाच्या डोळ्यांवर पोरं जाड रंग भरून झाकत होती. तपासणीच्या कागदांवर आता दुसऱ्याची सही असे, त्यामुळे तिला कुठे काही लिहावं लागलं नाही. आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्यावरच्या बग्ग्यांची सालपटं पुन्हा निघायला लागली.

तैनाचा पंधरावा वाढदिवस जवळ आला. पोरीचं एकच म्हणणं, माद्रिन्या आली नाही तर मला वाढदिवस नको. झुलैकाने फोन केला तर दाल्वाने घेतला नाही. शेवटी एका शनिवारी ती स्वतः बसने नदीकाठच्या गावी गेली.

कोरडा हंगाम होता. माळावर कार्नाउबा माडांची कापलेली पानं पसरून वाळत घातली होती. साच्याला लावायचं मेण याच पानांवरच्या पांढऱ्या भुकटीपासून बनतं. दाल्वा गावाबाहेरच्या एका शेडमध्ये भुकटी झाडायच्या कामावर होती. भुकटी वाऱ्याने उडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवत. झुलैकाने दार ठोठावलं तेव्हा आतून एक बाई बाहेर आली ती नखशिखांत पांढरी. पापण्यासुद्धा पांढऱ्या. ओळखायला क्षणभर लागला.

“काय काम काढलंस?” दाल्वाने विचारलं आणि बाजूला वळून बराच वेळ खोकली.

झुलैकाने वाढदिवसाचं सांगितलं. तैना किती उंच झाली, कपडे कुठले शिवायला टाकले, ते सांगितलं. दाल्वा पोरीबद्दल ऐकताना ओठांच्या कडेने हसली. मग तिने पदरासारखं डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, तोंड पुसलं, आणि म्हणाली, “क्लेओनिसे भेटली होती. म्हणत होती, गाड्यांची पुन्हा सालपटं निघतायत.”

“हो.”

“म्हणजे ते तुझं द्रावण खोटं निघालं?”

“नाही. द्रावण चांगलं होतं. ते महाग झालं म्हणून त्याने फवारा आणला.”

“कोणता? ज्याने रंगाला डोळे पडले होते तो? तू नापास केलेला?”

“तोच.”

“मग तू काय म्हणालीस त्याला?”

झुलैकाने नजर पानांकडे वळवली. माळावर पानं कुरकुर वाजत होती. दाल्वा तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं.

“काहीच नाही म्हणालीस,” ती म्हणाली. “बघ. येतं तुला गप्प बसायला. तेव्हा मला वाटलं होतं, या पोरीला ते जमतच नाही, स्वभावच नाही तिचा, काय करणार बिचारी. मी तर लोकांना तसंच सांगत होते. तुझ्या बाजूने सांगत होते, कळलं? की ती खरी बाई आहे, तिच्याने खोटं सहन होत नाही.”

“कोमाद्रे—”

“येईन मी. पोरीसाठी येईन. देवासमोर हातात घेतलंय तिला मी. आता जा, आत माणसं खोळंबलीत.” आणि दार बंद झालं.

परतीच्या बसमध्ये झुलैका खिडकीशी बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, “कोणी गेलं का हो तुमचं?” ती नाही म्हणाली.

वाढदिवसाला दाल्वा आली. निळा इस्त्रीचा झगा घातला होता, केस बांधले होते, हातात तैनासाठी कानातल्यांची डबी. पोरीने तिला दारातच मिठी मारली आणि मग सोडलंच नाही. पंधराव्या वाढदिवसाला मुलगी बापाबरोबर वाल्स नाचते; बाप नाही म्हणून कुणाबरोबर नाचायचं हा प्रश्न होता. तैना सरळ दाल्वाकडे गेली आणि तिचा हात धरून तिला मध्ये घेऊन आली. दाल्वाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून पोरगीच वाकून नाचली. लोकांचे डोळे भरून आले. झुलैका भिंतीशी केकची सुरी हातात घेऊन उभी होती, टाळ्या वाजवायला तिचे हात मोकळे नव्हते.

जेवणं सुरू झाली तेव्हा तिने स्वतः ताट वाढलं. भात-शेंगांचा बाइयांव, भाजलेलं चीज, काजूफळाचं सरबत. दाल्वाला आवडायचं ते सगळं. ताट घेऊन ती तिच्यासमोर गेली.

दाल्वा खुर्चीतून अर्धी उठली, जसं मालकिणीसमोर, ‘दोना’समोर, उठतात. “अहो दोना झुलैका, तुम्ही कशाला त्रास घेता?” ती म्हणाली, आवाजात कुठे धार नव्हती. “ठेवा तिथे. मुलं देतील मला आणून.”

आजूबाजूच्यांना ते ऐकू गेलं. काहींनी ताटात मान घातली. झुलैकाने ताट टेबलावर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तर दाल्वा जेवत होती, पण तैनाच्या ताटातून.

पाहुणे गेल्यावर खुर्च्या उचलताना तैनाने विचारलं, “आई, माद्रिन्या तुला ‘तुम्ही’ का म्हणते?”

“आता मी मोठ्या पदावर आहे ना,” झुलैका म्हणाली.

पोरीला ते खरं वाटलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. दाल्वा पुढेही येत राहिली, ख्रिसमसला, तैनाच्या परीक्षेनंतर, खोकला फार वाढला त्या वर्षीसुद्धा एकदा. दर वेळी ती उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारायची, “दोना झुलैका, आत येऊ का?” आणि झुलैका दर वेळी, घर जिचं होतं तीच, बाजूला सरून म्हणायची, “या.”